रातचं इमान

जऊळक्यात विमान आधी आलं, रेल्वे नंतर. बाहेरगावचा माणूस हे ऐकून हसतो, कारण आता गावाच्या नावालाच रेल्वे चिकटली आहे. ‘जऊळका रेल्वे’ म्हटल्याशिवाय कुणाला पत्ता कळत नाही. पण आमच्या मालेगाव तालुक्यातून मीटरगेजचे रूळ गेले ते स्वातंत्र्यानंतर, आणि त्यांची ब्रॉडगेज झाली ती तर २००८ साली. विमान मात्र १९४९ पासून रोज रात्री आमच्या अंगानं जात होतं. इथं ते कधी उतरलं नाही, उतरायचं काही कारणही नव्हतं. तरी माझ्या आजीच्या तोंडी ‘आपलं इमान’ असाच शब्द असे.

झालं होतं असं. ३० जानेवारी १९४९ ला देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक डाकोटा निघायचं. चारही विमानं नागपूरच्या सोनेगावला एकत्र यायची, टपालाच्या थैल्या एकमेकांत बदलायच्या, आणि उजाडेपर्यंत जो तो आपल्या गावी परत. थैल्यांबरोबर थोडे उतारूही असत, कमी भाड्यात, झोपमोड सोसायची तयारी असलेले. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून टपालखात्यानं साधी पत्रंही जादा पैसे न घेता विमानानं न्यायला सुरुवात केली. पहिली कंपनी काही महिन्यांतच बसली, मग हिमालयन एव्हिएशन आली, पुढे १९५३ मध्ये सगळ्याच कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्यावर इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन आलं. गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गावाला फक्त आवाज ठाऊक होता.

नकाशावर मुंबई आणि नागपूर यांच्यावर पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती जऊळक्याच्या उत्तरेकडून दहा-पंधरा मैलांच्या आत जाते. म्हणजे एरवी विमान आमच्या डोक्यावरून नव्हे, अमानवाडीच्याही पलीकडून जायचं. शांत रात्री तेवढ्या लांबूनही डाकोटाच्या दोन इंजिनांची घरघर ऐकू येत असे. जवारीच्या वावरात जागलीला बसलेल्या माणसांना ती सगळ्यात आधी कळे. मधरातीच्या आगंमागं पहिलं, नागपूरकडे जाणारं. दुसरं पहाटेच्या अंगानं, मुंबईकडे परतणारं. आजी सांगे, दुसऱ्या इमानाला बैलांना वैरण टाकायची आणि मग जात्यावर बसायचं. घड्याळ गावात एक-दोन घरीच होतं, आणि तेही आजीच्या मते इमानापेक्षा कमी भरवशाचं.

पण कधी कधी ते थेट गावावरून जायचं. कुत्री उठायची, पोरं रडायची. अशा रात्री आजीचा सासरा अंगणात येऊन उत्तरेकडे बघे आणि म्हणे, ‘तिकडं वावधन हाये. इमान वाट सोडून आलं.’ दुसऱ्या दिवशी अकोटाकडून येणारा कुणी सांगे, की काल रात्री सातपुड्याच्या पायथ्याला झाडं पडली, गारा झाल्या. ही गोष्ट मी लहानपणी ऐकली तेव्हा ती म्हाताऱ्याच्या शहाणपणाची वाटली. आता वाटतं, यात त्या न पाहिलेल्या पायलटचं शहाणपण जास्त आहे. डाकोटाला ढगाच्या वरून जाता येत नव्हतं. आतली हवा राखायची सोय त्यात नाही, त्यामुळे दहा हजार फुटांच्या आसपासच उडायचं. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भावर चढणारा गडगडाटी ढग त्याच्या चौपट-पाचपट उंच असतो. खालून जावं तर डोंगर, मधून जावं तर गारा. उरतं काय, तर वळसा. वळसा घ्यायचा तर आपण कुठं आहोत हे आधी माहीत पाहिजे, आणि अंधारात, रडारशिवाय, ते कळायचं कसं?

ते आम्हाला सांगितलं आजीच्या भावानं. त्यांना आम्ही मामाआजोबा म्हणायचो. घरची जमीन कोरडवाहू आणि भाऊ चार, म्हणून ते पोटामागं नागपूरला गेले आणि सोनेगावला खलाशी म्हणून लागले. आमच्या घरात विमान जवळून पाहिलेला हा पहिला माणूस, आणि बराच काळ एकटाच. दिवाळीला आले की जेवणं उरकल्यावर ओट्यावर बैठक बसे. वडीलधारी मंडळी विमानात कोण बसतं, काय खातं, असलं विचारत. मामाआजोबांना त्यात रस नसे. ते दिव्यांविषयी बोलत.

धावपट्टीला विजेचे दिवे होते, पण विजेचा भरवसा नव्हता. म्हणून गूजनेक तयार ठेवायचे. गूजनेक म्हणजे लोखंडी झारीसारखं भांडं: पोटात घासलेट, आणि लांब वाकड्या तोटीतून बाहेर आलेली मनगटाएवढी जाड वात. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना ते ओळीनं मांडायचे. तोटी वाऱ्याकडे पाठ करून ठेवायची, नाहीतर ज्योत भांड्यावर उलटते. पावसातही विझत नसे, काळा धूर तेवढा दुप्पट निघे. वीज गेली आणि वरून घरघर ऐकू आली, की पेटता पोत हातात घेऊन पळत सुटायचं, एक पेटव, दुसरा पेटव. ‘वरच्याले दोन रांगा दिसल्या पायजेत, बस. त्याले आपलं थोबाड कायले दिसाव लागते?’ असं ते म्हणत. अंगाचा घासलेटाचा वास चार दिवस जात नसे, म्हणून मामीआजी त्यांचे कपडे वेगळे धूत.

पुढे त्यांना हवामानाच्या ऑफिसकडे दिलं. ते काम त्यांना आणखी मानवलं. तिथं फुगे सोडायचे. हायड्रोजन भरलेला रबरी फुगा सोडायचा आणि थिओडोलाइट नावाच्या दुर्बिणीतून त्याच्या मागं लागायचं. दर मिनिटाला एक बाबू कोन वाचणार, दुसरा लिहून घेणार. फुगा वर चढायचा वेग ठरलेला, म्हणून कोनांवरून वरच्या वाऱ्याची दिशा आणि जोर काढता येतो. रात्री फुगा दिसणार कसा? तर त्याच्याखाली दोरीला पातळ कागदाचा कंदील बांधायचा, आत मेणबत्ती. मामाआजोबा हे सांगताना नेहमी थांबत, कारण पुढचं त्यांचं आवडतं होतं. हायड्रोजनच्या शेडपाशी बिडी ओढली तर नोकरी जाईल अशी ताकीद, आणि त्याच हायड्रोजनच्या फुग्याखाली पेटती मेणबत्ती बांधून साहेब स्वतः उभा! तो ठिपका वर वर जायचा आणि एकाएकी दिसेनासा व्हायचा. तो दिसेनासा झाला ते मिनिट महत्त्वाचं, कारण ढगाचा तळ किती उंचीवर आहे ते त्यावरून निघे. तो आकडा वायरलेसवरून चारी शहरांकडे जायचा. मुंबईत निघायच्या तयारीत असलेल्या पायलटच्या हातात जो कागद पडे, त्यात एका ओळीत नागपूरचा ढग असायचा. जऊळक्याच्या माणसानं सोडलेल्या फुग्यानं मोजलेला, असं आम्ही पोरं मनात म्हणायचो.

वाट कळायची ती बीकनवरून. जमिनीवरचं यंत्र आपली खूण रेडिओवर सतत पाठवतं, आणि विमानातला काटा त्या दिशेला वळतो. सोपं आहे, पण वीज कडाडली की हा काटा बीकन सोडून विजेच्या ढगाकडे तोंड करतो. ज्याच्यापासून लांब जायचं, यंत्र नेमकं तिकडंच बोट दाखवतं. जुन्या वैमानिकांना हे पाठ होतं. काही जण तर काट्याच्या या खोडीचाच उपयोग करीत, वादळ कोणत्या बाजूला आहे ते त्यावरून ओळखत. कानाला हेडफोन लावलेला रेडिओ ऑफिसर त्या खरखरीतून नागपूरचा आवाज वेचत बसे. मुंबईहून निघाल्यावर सह्याद्री ओलांडला, की पुढं बराच वेळ खाली एकही मोठा दिवा नसायचा. आमच्या पट्ट्यात तर वीजच नव्हती. वरून पाहणाऱ्याला वऱ्हाड म्हणजे नुसता काळोख दिसत असणार, आणि त्या काळोखात माळ्यावर बसलेला एखादा जागल्या विडी शिलगावून त्याचा आवाज ऐकत असणार.

या सेवेला दृष्ट लागल्यागत १२ डिसेंबर १९५३ ला नागपूरहून उडालेलं डाकोटा लगेच कोसळलं. तेरा माणसं गेली, पायलट तेवढा वाचला. मामाआजोबा त्या रात्री कामावर होते की नव्हते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कधी ते आगीची ऊब गालाला लागली म्हणत, कधी म्हणत की आपण सकाळी ऐकलं. म्हाताऱ्यांच्या गोष्टींत असं होतंच. आपण होतो आणि आपण ऐकलं यांतली भिंत पन्नास वर्षांत पडते. मी त्यांना खोदून विचारलं नाही. एक गोष्ट मात्र ते दर वेळी तीच सांगत. त्या रात्री आभाळ स्वच्छ होतं, त्याला दोष देऊ नका. आभाळाला दोष देण्याची घाई त्यांना आवडत नसे, कारण त्यामुळे खालचा माणूस सुटतो.

हे त्यांचं म्हणणं मला पुढे जुन्नरच्या अपघाताविषयी वाचताना आठवलं. ७ जुलै १९६२ च्या रात्री, ऐन पावसाळ्यात, बँकॉकहून मुंबईला येणारं अलिटालियाचं डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. आत ९४ माणसं होती, एकही वाचलं नाही. मुंबई अजून पन्नासएक मैल होती. आपण मुंबईच्या जवळ आलो असं वैमानिकांना वाटलं आणि त्यांनी उंची लवकर सोडली, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. खाली सह्याद्री, वर पाऊस, मधे एक चुकीचा हिशेब. विमान नवं, जेट, त्या काळातलं भारी. तेरा वर्षं त्याच सह्याद्रीवरून खटारा डाकोटं जा-ये करीत होती, ती कमी उंचीवर, कमी वेगानं आणि भीत भीत. भीत भीत हा शब्द मी कौतुकानं लिहितो आहे.

पुढं पुढं विमानं मोठी झाली, उंच गेली, ढगाच्या वरून जाऊ लागली, त्यांच्या नाकात हवामानाचं रडार बसलं. रात्रीची टपाल सेवा १९७३ मध्ये बंद पडली. आजी म्हणे, इमान बंद झालं तेव्हा काही दिवस तिला पहाटे जागच येईना.

आता आमच्यावरून दिवसभर विमानं जातात आणि कुणी मान वर करत नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर त्यांना आमच्या वावधनाची फारशी पर्वा नसते. अडचण आहे ती इथं उतरू पाहणाऱ्या लहान विमानांची. अकोल्याजवळची शिवणीची धावपट्टी १९४३ साली, युद्धाच्या धामधुमीत इंग्रजांनी बांधली. ती साधारण १४०० मीटरची आहे, आणि ती वाढवायची चर्चा ऐकत माझी पिढी म्हातारी झाली. कृषी विद्यापीठाची जमीन, मोजणी, मोबदला, निवेदनं, पुढाऱ्यांचे दौरे. या चर्चेत लांबीशिवाय दुसरं काही कुणी बोलत नाही. लांबी लागतेच. अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तापलेली हवा विरळ होते, विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. तेच विमान जानेवारीच्या सकाळी जेवढ्या पट्टीत उठतं, त्याहून मेच्या दुपारी बरीच जास्त पट्टी मागतं. पण लांबी झाली म्हणजे झालं असं नाही. ढगाचा तळ कोण मोजणार, किती लांबचं दिसतं ते कोण सांगणार, वाऱ्यानं दिशा बदलली हे वरच्याला कोण कळवणार? मामाआजोबांचं खातं तिथं कुणाकडे आहे, हे मला निवेदनांत कुठं सापडत नाही.

उपाय माहीत नाहीत असंही नाही. ‘गगन’ नावाची आपली स्वतःची यंत्रणा आहे, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून उभारलेली. उपग्रहावरून मिळणाऱ्या ठिकाणात जी चूक असते, ती जमिनीवरची केंद्रं मोजतात आणि दुरुस्ती पुन्हा उपग्रहामार्फत विमानाला पोचवतात. त्यामुळे धावपट्टीवर महागडी यंत्रं न बसवताही विमान ढगातून नेमक्या उतारानं खाली येऊ शकतं. २०१५ मध्ये तिला अशा उतरण्यासाठी मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचं एटीआर तिच्या आधारानं उतरलं. किशनगड काही मुंबई-दिल्ली नव्हे, आमच्यासारखंच आडबाजूचं. तिकडं अलास्कात तर त्याहून साधी गोष्ट केली. तिथं कित्येक गावांना रस्ते नाहीत, विमान हीच एसटी, आणि डोंगरांच्या खिंडीत ढग भरला की अपघात ठरलेला. त्यांनी खिंडीखिंडीत कॅमेरे लावले, दोनशेहून जास्त ठिकाणी. निघण्याआधी वैमानिक घरी बसून बघतो, की खिंड उघडी आहे की बुजली. बुजली असेल तर तो चहा पितो. मेळघाटाच्या तोंडावर आणि आमच्या अजिंठ्याच्या रांगेवर असे चार कॅमेरे लावायला किती खर्च येईल, हा हिशेब एखाद्या आमदारानं विधानसभेत विचारावा अशी माझी फार इच्छा आहे.

यंत्रं बसली तरी शेवटी एक निर्णय माणसालाच घ्यावा लागतो, आणि तो यंत्राहून अवघड आहे. ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान कोझिकोडला मुसळधार पावसात धावपट्टी ओलांडून खाली गेलं. २१ माणसं दगावली, त्यांत दोन्ही वैमानिक होते. मुख्य वैमानिक कॅप्टन दीपक साठे हवाई दलातून आलेला अनुभवी माणूस; आईवडील नागपुरात. विदर्भात त्या आठवड्यात घरोघरी तोच विषय होता. पहिल्यांदा उतरायचा प्रयत्न सोडून ते वर गेले होते. दुसऱ्या वेळी पाठीमागून वारा होता, काच पुसणारा वायपर नीट चालत नव्हता, आणि विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकलं. सहवैमानिकानं पुन्हा वर चला असं म्हटलं होतं, हेही चौकशी अहवालात आहे. एवढा जाणता माणूस दुसऱ्यांदा का फिरला नाही, याचं उत्तर कुठल्याच अहवालात पुरतं मिळत नाही. परत फिरणं जमिनीवर बसून सोपं वाटतं. मागं उशीर, इंधनाचा हिशेब, सकाळची ड्युटी, कंपनी, उतारूंचा वैताग, सगळं त्या एका क्षणात खांद्यावर असतं.

उतारूंचा वैताग मी अलीकडे जवळून ऐकतो. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. १८५० मीटरची पट्टी, एटीआर विमान. आमच्या भागात केवढा आनंद झाला! आणि ढगापायी एखादी फेरी रद्द झाली, की तेवढाच संताप. आमच्या नात्यातला एक तरुण त्या दिवशी फोनवर कडाडत होता, की जरासं आभाळ आलं तर यांची हिंमत होत नाही, मग विमानतळ कशाला बांधला. त्याला मी म्हटलं, तू आबाजींवर गेलास.

आबाजी म्हणजे माझे आजोबा. त्यांचं आणि विमानाचं एक जुनं भांडण होतं. त्यांचा धाकटा भाऊ कलकत्त्याला नोकरीला होता. एका उन्हाळ्यात घरी पैशाची फार ओढ लागली आणि आबाजींनी बैलजोडी विकायचं ठरवून तसं भावाला कळवलं. भावानं उलट टपाली लिहिलं, जोडी विकू नका, मी पैसे पाठवतो. ते पत्र ज्या रात्री कलकत्त्याच्या विमानात चढलं, त्याच रात्री छोटा नागपूरवर कालबैसाखीचं वादळ उठलं. विमान अर्ध्या वाटेतून परत कलकत्त्याला गेलं. पत्र नागपूरला एक दिवस उशिरा आलं, मग रेल्वेनं अकोला, मोटारीनं मालेगाव, आणि जऊळक्याला पोचलं ते बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. जोडी आदल्या दिवशीच गेली होती.

त्या रात्री सोनेगावला मामाआजोबा होते. हे मात्र ते ठामपणे सांगत. तीन विमानं आली, चौथं येईना. सगळे कान लावून बसलेले. मग वायरलेसवाला बाहेर येऊन म्हणाला, सुखरूप परत गेलं, आणि तिथल्या साहेबानं सगळ्यांना चहा पाजला. आमच्या ओट्यावर दर दिवाळीला हा वाद नव्यानं होई. आबाजी म्हणत, सरकारनं पैसे घेऊन पत्र वेळेवर दिलं नाही. मामाआजोबा म्हणत, ‘भाऊजी, जोडी दुसरी घेतली न तुमी. तेवढी माणसं दुसरी कुठून आनली असती?’

आबाजी सुपारी कातरत राहत. मग म्हणत, ‘ते खरं हाये बुवा. पन दुसऱ्या जोडीतला डावा बैल लय आळशी निंघाला.’